घटातला हरभरा आणि तात्यांची विहीर

घाट चढून समुद्र पाठीमागे टाकला की खारं पाणी संपलं, अशी माझी पक्की समजूत होती. आम्ही खाडीकाठची माणसं. उधाणाला बांध फुटून खाडी शेतात शिरते आणि मग त्या खार जमिनीत भात कसं उगवायचं याची काळजी आमच्या आजा-पणजापासून चालत आलेली. तेव्हा खारेपणा ही आमची वतनदारी. घाटावरच्यांनी ऊस लावावा, गूळ खावा आणि आमच्या नारळांचे भाव पाडावेत, एवढंच त्यांचं काम, असं मी समजून होते. एकाहत्तर सालच्या नवरात्रात बेलापूरला जाऊन आले आणि ही वतनदारी कोणा एकाची नाही हे मला कळलं. ज्यांनी अजून तो मुलूख पाहिला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जायचं कारण घरगुतीच होतं. माझी धाकटी बहीण सुमन वैशाखात लग्न होऊन बेलापूरला गेली. तिचे यजमान रामनाथराव मुंबईत आमच्या काकांच्या शेजारी राहून दोन वर्षं गिरणीत होते, तिथे ही सोयरीक जमली. पहिलंच नवरात्र, पोर सासरी घटाला बसली आहे, जाऊन बघून ये, असा वडिलांनी हुकूम केला. मी हायस्कुलात शास्त्र शिकवते. किरकोळ रजा टाकली, एका पोत्यात नारळ भरले, डब्यात आमसुलं घातली आणि निघाले.

बेलापूर नसलेलं बेलापूर

गाडी दौंडावरून नगरला, नगरहून पुढे. स्टेशनावर ठळक अक्षरांत बेलापूर लिहिलेलं पाहून मी पोत्यासह उतरले. उतरल्यावर कळलं की हे श्रीरामपूर. बेलापूर गाव इथून काही मैल लांब, प्रवरेच्या काठी. मी टांगेवाल्याला विचारलं, मग पाटीवर खरं का लिहीत नाहीत? तो म्हणाला की पाटी वाचून कुणी गावाला जात नाही, टांग्यात बसून जातात. उत्तर बिनतोड होतं, त्यामुळे मी टांग्यात बसले.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. आमच्याकडे हिरवं म्हणजे उतरतं, चढतं, मध्येच दगडाला अडतं. इथे हिरवं सपाट पसरलेलं, कंटाळा येईपर्यंत. कारखान्याची चिमणी अजून थंडच होती. टांगेवाला म्हणाला की दसरा झाला की पाथर्डीकडून ऊसतोडीच्या गाड्या यायला लागतील, मग बघा गर्दी. एका वळणावर पोतं उसवलं आणि दोन नारळ रस्त्यावर घरंगळले. शेतातल्या बायांनी ते धरून आणून दिले, आणि एकीने हलवून आत पाणी आहे का ते ऐकूनही घेतलं.

सुमनचं घर गावाबाहेर, वस्तीवर. अंगणात तिचे सासरे किसनतात्या बसले होते. अंगाने आडवे, मिशा भरदार, आवाज असा की पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं उठावं. या मुलखात पाहुण्याला आधी गूळ आणि पाणी देतात. आम्ही पाणी देतो, गुळाचं विचारतो. इथे विचारत नाहीत, हातावर ठेवतात. सुमनने तांब्या आणला. तात्या पुढे सरकून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

मी घोट घेतला. ते पाणी मी जन्मभर ओळखते. आमच्या खाडीच्या तोंडाशी जी विहीर आहे, जिच्यावर फक्त म्हशी धुतात, तिचं हे पाणी.

"कसं हाय पानी?" तात्यांनी विचारलं.

सुमनने माझ्याकडे पाहिलं. दारातले रामनाथराव छपराकडे पाहू लागले. मी म्हटलं, गार आहे हो. तात्या खूश झाले. मग त्यांनी विहिरीची सगळी हकिगत सांगितली. पाटाच्या खालच्या अंगाला, खोलगट रानात त्यांनी गेल्या साली नवी विहीर पाडली होती, तिच्यावर विजेची मोटार बसवली होती, आणि पंचक्रोशीत असं गोड पाणी नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी गुळाचा खडा तेवढा पुन्हा मागून घेतला.

चौथी माळ

एका दिवसात माझ्या लक्षात आलं की या घरात विहिरीविषयी वाईट बोलायची सोय नाही. सकाळी चहा फाटला. सगळ्यांनी म्हशीला नावं ठेवली. दुपारी डाळ शिजेना, तेव्हा सरपण ओलं निघालं. मी अंघोळीला गेले तर साबणाला फेस येईना, तेव्हा तात्या बाहेरून म्हणाले की हल्ली साबणात भेसळ फार. म्हैस मुकी, सरपण मुकं, साबण मुका. बरं चाललं होतं.

जेवणाची मात्र चंगळ. सासूबाई, ज्यांना सगळे जिजी म्हणतात, नऊ दिवस उपाशी. त्या एकवेळ भगर आणि दाण्याची आमटी घ्यायच्या. आम्हा खाणाऱ्यांना बाजरीची भाकरी, हुलग्याचे, म्हणजे आमच्या कुळथाचे, शेंगोळे, वर तिळाची चटणी. माझी आमसुलं त्यांनी आधी औषध म्हणून डब्यात ठेवली होती. मी सार करून घातलं तर तात्या तीन वाट्या प्याले आणि म्हणाले, हे पण आमच्याच पाण्यामुळे चवीला आलं.

संध्याकाळी देवघरात घट पाहिला. आमच्याकडेही रुजवण घालतात, पण इकडची रीत न्यारी. आपल्याच रानातली काळी माती परडीत पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई, जवस असं रब्बीचं धान्य पेरायचं आणि मधोमध मातीचा कच्चा घट पाण्याने भरून ठेवायचा. घट पाझरतो, माती ओली राहते, धान्य उगवतं. वर रोज तरवडाच्या फुलांची एक माळ. जे धान्य जोमाने येईल ते त्या साली पिकणार, असं घरातली बाई घट बघून सांगते. मी शाळेत बशीत टीपकागद घालून जे मुलांना दाखवते, तेच, पण देवीसमोर आणि जास्त शिस्तीत.

चौथ्या माळेला कोंब बोटभर तरी दिसायला हवेत. या घटात ज्वारीचे चारदोन, करडईचे थोडे, गहू रुसल्यासारखा कुठेकुठे. हरभऱ्याचा पत्ता नाही. आणि घटाच्या बाहेरच्या अंगावर चुना फासावा तसा पांढरा थर.

दिव्यात तेल घालायला शेजारच्या बाया आल्या. त्यांनी तेल घातलं, घट पाहिला, एकमेकींकडे पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "औंदा पानी कोन घालतं?"

"नवी सून घालत हुती," जिजी म्हणाल्या.

एवढंच. सुमनने हातातली समई खाली ठेवली आणि ती आत गेली.

पाचवी माळ

सकाळी पाण्याला जाताना सुमनने सगळं सांगितलं. तिसऱ्या माळेपासून जिजींनी तिला घटाला शिवू दिलं नव्हतं. हिचा हातगुण बरा नाही, पायगुणही तसाच असेल, असं कुजबुजणं चालू होतं. दसऱ्यानंतर मी जाणारच आहे, तर हिला घेऊन जावं, दिवाळी होऊ दे, संक्रांतही होऊ दे, मग बघू, असं जिजींनी रामनाथरावांच्या कानावर घातलं होतं.

"ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"छपराकडे बघत होते," सुमन म्हणाली, आणि रडायला लागली. "ताई, मला इथे राहायचंय गो. माणसं बरी आहेत. हे तर फारच बरे आहेत. असं मला परत नेऊ नकोस."

दिवाळसणाला माहेरी येणं वेगळं आणि घट उगवला नाही म्हणून पोत्याबरोबर परत पाठवलं जाणं वेगळं. आमच्या गावात तिला काय काय ऐकावं लागलं असतं, ते मला न सांगता कळत होतं.

मी तिला एकच विचारलं, घटात पाणी कुठलं घातलंस? तेव्हा कळलं. दरसाल जिजी घटस्थापनेला चार बायांबरोबर प्रवरेवर जाऊन कळशी भरून आणत. औंदा तात्यांनी हुकूम काढला की दारात मोटार असताना देवीला नदीचं पाणी कशाला, घरच्या विहिरीचं घाला. सुमनने घातलं. कच्च्या घटातून खारं पाणी पाझरत होतं, वर सुकत होतं, मीठ मागे राहत होतं, आणि त्या मिठात बिचाऱ्या हरभऱ्याने डोकं वर काढायची अपेक्षा होती. बी उगवायला आधी पाणी प्यावं लागतं. माती खारट झाली की पाणी जवळ असूनही बियाला ते ओढून घेता येत नाही. त्यातही ज्वारी, करडई थोडं सोसतात. हरभरा अगदी नाजूक.

दुपारी मी तात्यांबरोबर विहीर बघायला गेले. त्यांनी मोटार सुरू करून दाखवली, धार बघून त्यांचे डोळे भरून आले. सभोवतीचं रान पाटाच्या झिरपण्याने चिबड झालेलं, चप्पल उचलेना. वाळल्या जागी मातीवर पांढरी साय. मी विचारलं, हे काय? तात्या म्हणाले, जमीन कसदार असली की असं येतं. मी बोटावर घेऊन चाखलं. ते तेवढ्यात उसाकडे बघू लागले. याच रानात हरभरा पेरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

आता बहिणीच्या सासऱ्याला, त्याच्या विहिरीच्या काठावर उभं राहून, तुमचं पाणी खारट आहे असं सांगायला मी काही वेडी नव्हते. सांगितलं असतं तर घट राहिला असता बाजूला आणि दोन घरांत कायमचं वैर आलं असतं. म्हणून मी जिजींना गाठलं. म्हटलं, दसऱ्याच्या जेवणात मोड आलेल्या हरभऱ्याची उसळ करू, आणि तुमच्या मनातलं एक शंकानिरसनही करू. हरभरा एकाच मडक्यातला. फडकी एकाच जुन्या धोतराची. दोन्ही पुडकी बांधणार आणि त्यांवर पाणी शिंपडणार सुमनच. एक विहिरीच्या पाण्यात, एक नदीच्या. हातात दोष असेल तर दोन्हीही उगवणार नाहीत.

जिजी हुशार बाई. त्या म्हणाल्या, "अन् एकच उगवलं तर?"

"तर तुम्ही काय ते ओळखा," मी म्हटलं.

त्यांनी हरभरा काढून दिला. सुमन आणि मी प्रवरेवर जाऊन घागर भरून आणली आणि माजघरात कोपऱ्यात ठेवली. रात्री हरभरा दोन भांड्यांत भिजला, सकाळी पुडक्यांत बांधला गेला. मी निर्धास्त होते. मुलांना वर्गात बजावत असते की प्रयोग मांडला की नजरेआड करू नये. ते मुलांसाठी असतं, असा आम्हा शिक्षकांचा समज असतो.

आठवी माळ

मधले दिवस बरे गेले. गावातल्या पेठेत जाऊन आले. रामनाथरावांनी मला उसाचा रस पाजला आणि नारळाच्या पाण्यापेक्षा चांगला आहे हे माझ्याकडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला. मी वदले नाही. सुमन दिवसातून दोनदा पुडक्यांवर पाणी शिंपडत होती आणि जिजी लांबून, लक्ष नसल्यासारखं दाखवत, एकेक शिंतोडा मोजत होत्या.

आठव्या माळेला सकाळी तेल घालायला आलेल्या बायांसमोरच जिजींनी पुडकी आणायला सांगितलं. त्यांनी आधी विहिरीचं सोडलं. हरभरा फुगून बुळबुळीत झालेला, एखाददुसऱ्याला टोक. मी मनात म्हटलं, ठीक. मग नदीचं सोडलं.

तेही तसंच. अगदी तसंच.

तेल घालणाऱ्या म्हातारीने हातातली पळी खाली ठेवली. सुमनने ओठ घट्ट मिटले होते. माझ्याच शहाणपणाने मी माझ्या बहिणीला फाशी दिली होती. हात एक, हरभरा एक, पाणी दोन, आणि दोन्हीही नापास. सगळ्या गावासमोर सिद्ध करून दिलं.

जिजी शांतपणे म्हणाल्या, "मास्तरीनबाई, दसरा झाला की घेऊन जा बहिनीला."

मी उठले. काय करावं सुचत नव्हतं, म्हणून कोपऱ्यातल्या घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. आणि ओंजळ तशीच धरून उभी राहिले. ते नदीचं पाणी नव्हतं. नदीवर मी स्वतः चाखून भरलेलं, गोड, थोडं गढूळ पाणी. हे नितळ, आणि खारं.

"हे पाणी कुणी बदललं?" मी विचारलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला.

सुमन नाही म्हणाली. रामनाथराव दारात आले होते, तेही नाही म्हणाले. खोटं बोलल्यासारखे दिसत नव्हते, कारण या वेळी ते छपराकडे न बघता माझ्याकडे बघत होते. जिजींना काही उमगेना. आणि बाहेर अंगणात किसनतात्या बसले होते, ज्यांचा आवाज एरवी पलीकडच्या वस्तीपर्यंत जातो, ते अगदी गप्प.

ते उठून आत आले. इतक्या बाया बसलेल्या असताना पुरुषमाणूस देवघरात येत नाही. उंबऱ्यावर थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"घागर मी वतली," ते म्हणाले. "तुमी आनली त्याच सांजेला घरात नदीचं पानी बघितलं. म्हनलं, लोक काय म्हनतील, मोटार हाय अन् नदीवर जात्यात. तुळशीला वतलं अन् आपल्या हिरीचं भरलं. पोरीचा हात त्यात न्हाई."

मग जमिनीकडे बघत म्हणाले, "हिरीचं पानी खारट हाय."

मी सांगते, त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आणि मग जे झालं त्याचं मला अजून हसू येतं. रामनाथराव म्हणाले की त्यांना हे उन्हाळ्यापासून माहीत होतं. तेलवाली म्हातारी म्हणाली, आमाला तर हीर लागली त्या दिवशीच कळलं हुतं. जिजी म्हणाल्या, चहा काय म्हशीनं फाटतो व्हय. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. चहा फाटत होता, डाळ कडक राहत होती, आणि अख्खं घर तात्यांच्या मिशांचा मान राखत ते पाणी गोड म्हणून पीत होतं. सगळ्या बाया एकदम बोलू लागल्या.

सुमन तेवढी हसत नव्हती. ती जिजींसमोर जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिने त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, हे मला नंतर रामनाथरावांनी सांगितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मग मला का बोललात?"

जिजी तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं.

"हिरीला बोलता येत न्हवतं," त्या म्हणाल्या. "तू नवी हुतीस."

सुमनने नजर खाली केली नाही. शेवटी जिजींनीच घटाशेजारचा तांब्या उचलला, रिकामा करून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा. नदीवरून आन." सुमन गेली. रामनाथराव तिच्यामागून गेले, आणि वस्तीवरच्या लोकांनी तांब्याभर पाण्यासाठी दोघांना जाताना पाहिलं.

दसरा

आमच्याकडे रुजवणाचे तुरे केसांत माळतात. इथे घरधनी टोपीत खोवतो. यंदाचे तुरे म्हणजे ज्वारीची चार पाती आणि थोडी करडई. जिजींनी त्यातली दोन पाती सुमनच्या अंबाड्यात खोवली, उरलेली तात्यांच्या टोपीत. तात्या म्हणाले, घटानं खोटं न्हाई सांगितलं. त्या रानात हरभरा येनार न्हाई, करडई येईल. मला ते शंभर टक्के पटलं. बायांनी घट बरोबर वाचला होता. दोष कोणाचा, ते नाव तेवढं चुकीचं घेतलं होतं.

जेवल्यावर तात्यांनी मला खोदून खोदून विचारलं, की तुमी खाडीच्या रानात भात उगवता तरी कसं. मी सांगितलं की आम्ही पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाऊ देतो आणि भाताला घरात गोड्या पाण्यात मोड आणून मग ते चिखलात फेकतो, कारण सगळ्यात कठीण काळ तो कोंब फुटायचा. एकदा मूळ धरलं की बराच खारेपणा सोसतं. त्यांनी मान डोलवली. मग सुमनकडे बघून म्हणाले की नव्या सुनेचंबी असंच हाय. उसळ झालीच नाही. हरभरा म्हशीला घातला, तिचं आम्ही तेवढं देणं लागत होतो.

दुसऱ्या दिवशी निघाले, एकटी. सुमन दिवाळसणाला येणार होती, तीही रामनाथरावांबरोबर, आणि भाऊबीज झाली की परत. नारळांच्या रिकाम्या पोत्यात जिजींनी गूळ आणि बाजरी भरून दिली. टांगा यायच्या आधी मिरजगावकडचे तात्यांचे कुणी सोयरे आले. हातावर गूळ ठेवला गेला, तांब्या आला. सोयऱ्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि आम्ही सगळे तात्यांकडे बघायला लागलो.

"पावनं," तात्या म्हणाले, "पानी खारट हाय. गूळ अजून घ्या."

सोयऱ्यांनी तांब्या खाली घेतला. इकडेतिकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्याबी हिरीचं तसंच झालंय. घरी अजून कुनी बोललं न्हाई."

तात्यांनी सुमनला हाक मारली आणि पाहुण्यांना नदीच्या पाण्याचा चहा करायला सांगितला.